पडीक लिहिलेला माळ

ज्युनिअर बी.ए., बी.एस्सी.च्या परीक्षा आटोपल्या आणि आमच्या सरांनी आम्हा पाच जणांना एका गावाच्या मागे लावून दिलं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. देश उभारायचा तर आधी तो नीट पाहायला हवा, असं सर म्हणत, आणि ते म्हणाले की आम्हाला ते पटायचं. एकाच गावाकडे पाच विषयांनी एकदम पाहायचं, अशी त्यांची कल्पना. वनस्पतिशास्त्राची माझी मैत्रीण, भूगर्भशास्त्राचा एक, रसायनशास्त्राचा एक, मराठीचा एक आणि भूगोलाची मी. सवड उन्हाळ्याच्या सुट्टीतच मिळणार, म्हणून भर वैशाखात आम्ही तळेगावला रेल्वेतून उतरलो आणि चाकणच्या रस्त्याने बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत गावात पोचलो.

मुलांनी शाळेत पथाऱ्या टाकल्या. आम्ही दोघी मुली एका मावशींकडे उतरलो. घरात बाईमाणूस असलं तरच जायचं, ही माझ्या वडिलांची अट होती. मावशी चाळिशीच्या. तरुणपणीच नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ओढ्याकाठचा एक तुकडा आणि गावाबाहेरचा मोठा माळ त्या एकट्याने कसत. आमच्या चपात्यांच्या सवयीला त्या मनमोकळं हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही भाकरी मोडायला शिकलो.

आपापल्या कामाचा आम्हाला भलता अभिमान होता. रसायनवाला बाटल्या घेऊन विहिरी पालथ्या घाली, भूगर्भवाला दिवसभर दगड फोडी. मराठीवाला कुणाच्याही ओट्यावर बसून लोक बोलतील ते वहीत उतरवून घ्यायचा. त्याच्या विषयाला नुसते कान पुरतात म्हणून आम्ही त्याला फार छळलं. माझ्याकडे नकाशा होता. गावच्या जमिनीचा तुकडा न् तुकडा त्यात रंगवायचा, लागवडीखालचा हिरवा आणि पडीक तपकिरी. सोबत एक तक्ता आणि त्याच्या शेवटी शेऱ्याचा रकाना. माझं अक्षर सुरेख होतं आणि मला ते माहीत होतं. शेऱ्याचा रकाना जितका कोरा तितका तक्ता देखणा दिसतो, हेही मला माहीत होतं.

एका सकाळी मावशी आम्हा पाचही जणांना आपला माळ दाखवायला घेऊन गेल्या. माळ उघडाबोडका होता. मैत्रिणीने तरवडाची झुडपं मोजली. भूगर्भवाल्याने कुदळीने उकरलं तर वीतभर मातीखाली मुरूम लागला. मी विचारलं, "मावशी, इथे काही पिकत नाही का?"

"पिकतं की. निजूं दिलीया तिला. दोन सालं पिकवायची, दोन सालं निजवायची, मंग ती देती. औंदाचा पावसाळा बी निजंल. फुडच्या साली बग, कारळं आन् तीळ."

मराठीवाल्याला ते बोलणं इतकं आवडलं की त्याने ते त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि वहीत उतरवून खाली रेघ मारली. मलाही आवडलं. पण माझ्याकडे दोनच रंग होते, आणि समोर पीक दिसत नव्हतं. मी माळ तपकिरी रंगवला. तक्त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, पडीक. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. सरांनी आमच्या पाचही भागांचा एक अहवाल बांधला. माझ्या नकाशाचं त्यांनी वर्गात कौतुक केलं आणि मी घरी जाऊन आईला ते दोनदा सांगितलं. पुढे कधीतरी, कारखान्यांसाठी जागा पाहणाऱ्या सरकारी कचेरीने अहवालाची प्रत मागवल्याचं सर सांगत आले. विद्यार्थ्यांचं काम देशाच्या उपयोगी पडलं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. आम्हालाही झाला.

आम्ही गावात राहून आलो त्याच्या पुढच्या वर्षी, भाद्रपदात, मला एक पोस्टकार्ड आलं. लिहिलं होतं गावच्या मास्तरांनी, पण बोलणं मावशींचं होतं. 'माळावर कंपनी येनार म्हंत्यात. साहेबांनी तुजा कागद दावला. त्यात माळ पडीक हाय. येऊन सांग.'

मी कार्ड घेऊन मराठीवाल्याकडे गेले. त्याने जुनी वही काढली. मावशींचं वाक्य तिथे जसंच्या तसं होतं, खाली रेघ मारलेलं. अहवालात ते 'बोलीतील सुंदर प्रयोग' या मथळ्याखाली छापलंही होतं, माझ्या तक्त्याच्या पुढे चाळीस पानांवर. आम्ही पाच जण एकाच जागी उभे होतो, एकच वाक्य ऐकत होतो, आणि ते जमिनीबद्दल आहे हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मला माझीच शरम वाटली. आजही वाटते.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी अहवाल काढून ती दोन्ही पानं पुन्हा वाचली. मग त्यांनी चूक कबूल करणारं पत्र लिहिलं आणि ते माझ्या हाती दिलं; ते आणि मराठीवाल्याची वही घेऊन मी गाव गाठलं.

माळ कंपनीसाठी ताब्यात घेण्याची सुनावणी गावच्या चावडीत होती. साहेब वयस्क होते आणि माझ्याशी सौजन्याने बोलले. त्यांनी सरांचं पत्र वाचलं, वहीतलं वाक्य वाचलं. मग अहवाल उघडून माझ्यापुढे सरकवला.

"हा तक्ता तुमचाच ना?"

"हो. पण ते चुकलंय. तो माळ दोन वर्षं पिकवतात, दोन वर्षं विसाव्याला ठेवतात. यंदा पिकलाय. तुम्ही चलून बघा."

"बाई, वनस्पतिशास्त्र सांगतं झुडपं, भूगर्भशास्त्र सांगतं मुरूम, भूगोल सांगतो पडीक. तिघांचं एकमत आहे. जागा ठरली ती त्यावर. आता वरून हुकूम आलाय." ते थोडं थांबले. "शेऱ्यात एक ओळ जरी असती, तरी मला ती वर पाठवता आली असती."

मावशी दाराशी बसून सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्यावर त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सरळ विचारलं, "तुला म्या सांगितलं व्हतं न्हाई?"

"सांगितलं होतं, मावशी."

"मंग लिवलं का न्हाईस?"

तक्ता देखणा दिसावा म्हणून, हे खरं उत्तर होतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना. मला रडू आलं. मावशींनी मला रडू दिलं, डोळे पुसायला पदर पुढे केला नाही. मग म्हणाल्या, "चल."

माळाच्या बांधावर आले आणि मी उभीच राहिले. पार पलीकडच्या टेकाडापर्यंत कारळं फुललं होतं, सगळा माळ पिवळा झाला होता. मधमाश्यांचा आवाज येत होता. मी ही जमीन मोजली होती, रंगवली होती, तिच्यावर शाबासकी मिळवली होती, आणि तिला पाहत होते ती आज पहिल्यांदाच.

"कागद हाय का तुज्यापाशी?" मावशी म्हणाल्या.

पिशवीत एक कोरा ताव होता.

"मंग लिव आता."

"मावशी, याचा आता काही उपयोग नाही."

"माजा उपेग मी बगीन. तू लिव."

मी बांधावर बसले आणि मांडीवर कागद ठेवून लिहिलं. कोणत्या बाजूला काय पेरलंय, कधी पेरलं, पीक कसं आलंय, त्याआधी जमीन किती वर्षं विसाव्याला होती. मावशी म्हणाल्या, वाचून दाव. मी वाचलं. त्या माझ्या शेजारी उभ्या राहून शब्द न् शब्द ऐकत होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी माळाच्या ओढ्याकडच्या टोकाला बोट केलं.

"त्या पट्ट्यात कारळं न्हाई. तीळ हाय. नीट बग."

मी उठून तिथपर्यंत चालत गेले. तीळच होते. परत येऊन मी खोडलं आणि दुरुस्त केलं. मावशींनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली. पीक निघाल्यावर पंधरा दिवसांच्या आत माळाला कंपनीचं तारेचं कुंपण पडलं.