काशीबाईंचा काढा आणि धावड्याचा भात

"जाळून टाका. बिलकुल आजच," मोहतमीम साहेब घोड्यावरून न उतरताच म्हणाले.

समोर धावडा गावच्या सखाराम पाटलांचं भाताचं वावर होतं. पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मध्ये राखी, कडेला तपकिरी. हा करपा. तो बुरशीमुळे होतो आणि ढगाळ हवेत झपाट्यानं पसरतो. मी निजामाच्या जिरायत खात्यात, म्हणजे शेती खात्यात, नवाच लागलो होतो. मोहतमीम म्हणजे खात्याचे अधिकारी, माझे वरिष्ठ. रोगट पीक जाळायची खात्याची ऑर्डर होती आणि ती काही अगदीच चुकीची नव्हती.

पण डोंगराखालच्या त्या ओलसर पट्ट्यातला वासाचा भात आता फक्त याच वावरात उरला होता. बाकीच्यांनी बियाणंसुद्धा गेल्या अवर्षणात शिजवून खाल्लं होतं.

"साहेब, हे जाळलं तर बी कुठून आणावं?" पाटील म्हणाले. "सगळं गाव ह्याच्यावर आस लावून बसलंय."

मी मध्ये तोंड घातलं. "मला निंबोळीचं पाणी मारून बघू द्या."

"मारा. मी अंबडचा दौरा करून येतो. तेव्हा रोग वाढलेला दिसला तर काडी तुम्हीच लावायची."

वाळक्या निंबोळ्या कुटायच्या, फडक्यात बांधून रातभर थंड पाण्यात ठेवायच्या, सकाळी पिळायच्या. भाताच्या पानावरून पाणी घरंगळतं, म्हणून त्यात रिठ्याचा फेस घालायचा. मग ते पानाला धरतं. पंप कुठला असणार? कडुलिंबाच्या डहाळ्यांनी शिंपडायचं. वावराच्या मधोमध बांध होता. अलीकडचा अर्धा भाग मी स्वतः शिंपडला. तेवढ्यात हसनाबादेहून बोलावणं आलं, म्हणून पलीकडचा भाग पाटलांवर सोपवला आणि कृती दोनदा सांगून निघालो.

काही दिवसांनी परत आलो तर अलीकडची नवी पानं स्वच्छ. पलीकडे नव्या पानांवरही ठिपके. पाटील मान वर करीनात. शेवटी त्यांच्या पत्नी काशीबाईच बोलल्या.

"मीच उकळलं, भाऊ. कच्चं औषध लेकराला तरी देतं का कुणी? चांगला आटवून काढा केल्ता."

मला राग आला आणि हसूही आलं. उकळलं की निंबोळीतला औषधी गुण जातो, हे त्या माउलीला कोण सांगणार?

"साहेब उद्या येऊन राह्यले," पाटील हळूच म्हणाले. "जल्दी थंड पाणी मारून घेऊ. कुणाला कळत न्हाई."

"हात लावायचा नाही. बांधावर खुंटी ठोका. काढा कुठून मारला ते साहेबांना दिसू दे."



साहेब आले, अलीकडचं पीक पाहिलं आणि म्हणाले, "उघाड पडली, म्हणून रोग थांबला. तुमच्या पाण्यानं न्हाई."

"साहेब, उघाड काय बांधापर्यंतच पडली का?"

साहेब घोड्यावरून उतरले. मी त्यांना खुंटीपलीकडे नेलं आणि काढ्याची सगळी हकीकत सांगितली. दोन्हीकडची पानं त्यांनी शेजारी शेजारी धरून पाहिली.

"काढा कुणी केला?"

काशीबाईंनी पदर सावरला. "मी."

"रिपोर्टात बराबर लिहा," साहेब मला म्हणाले. "हे तुमचं कंट्रोल झालं. ह्याच्याबिगर मी भरोसा ठेवला नसता."

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला तुकडा. कुठल्या शेतकऱ्यानं तो मला राजीखुशीनं दिला असता?

पलीकडचा भाग मात्र जाळावा लागला. काडी मीच लावली. अलीकडच्या भागातून बी निघालं, आणि पुढच्या हंगामात त्या पट्ट्यात घरोघर तोच भात लागला. रोगावर औषधं मी पुढे पुष्कळ दिली, पण एवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचाच वाटला नाही.

तरुण सहकाऱ्यांना मी एवढंच सांगतो: चूक झाली तर ती झाकू नका, तिथं खुंटी ठोका. आणि निंबोळी चुलीपासून लांब ठेवा.