पूर्वाच्या बाटल्या

"पूर्वा, सीधी बात विचारतो. गेल्या वर्षीचा डेटा खरा होता, का बनवलेला?"

सर असं बोलले तेव्हा मी त्यांच्याच केबिनमध्ये पाण्याचा जग ठेवत होती. पूर्वा समोर उभी होती. पीएचडीचं पाचवं वर्ष तिचं. ती म्हणाली, "खरा होता सर." सर म्हणाले, "मग परत करून दाखव. एक महिना देतो. नाही निघालं तर मी थीसिसवर सही नाही करणार."

मी सरांच्या लॅबमध्ये काच धुवायची, म्हणजे काचेच्या बाटल्या, भांडी. अकरा वर्षं. शाळा चौथीपर्यंत, ती पण महूला. आमचे मालक वारल्यावर हे काम धरलं. घरची भांडी धुतो तसं नसतं ते. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग सात वेळा डिस्टिल्ड वॉटर, मग ओव्हनमध्ये सुकवायचं. साबण जरा राहिला तरी पेशी मरतात. अंग ज्या बारक्या बारक्या जिवंत कणांचं बनलंय, त्या पेशी. लॅबवाले त्यांना सेल म्हणतात.

पूर्वाचं काम तिनंच मला सांगितलं होतं, सिंकपाशी उभी राहून.

"मावशी, जखम झाली की पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. सूज त्यांच्यामुळेच येते. काही लोकांच्या अंगात त्या थांबतच नाहीत."

"माझ्या गुडघ्यात तेच चालू असेल मग."

"असेल. मी त्यांना अडवणारं औषध बघते. भांगेत जे असतं ना, त्याच्या नात्यातलं."

"अरे वा! म्हणजे लोक होळीला जे पितात, त्यावर डिग्री मिळते?"

ती खूप हसली. "भांग नाही हो मावशी. आपलं शरीर स्वतःच थोडं थोडं बनवतं ते. चरबीचाच प्रकार आहे."

तिची टेस्ट अशी. एक लहान चाळणी. वर पेशी सोडायच्या, खाली त्यांना ओढून घेईल असं काही ठेवायचं. पेशी भोकातून अंग चोरून खाली येतात. औषध घातलं की कमी येतात. किती आल्या ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं. गेल्या वर्षी औषधानं अर्ध्याहून जास्त पेशी वरच अडकल्या होत्या. सरांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली होती. त्या थंडीपासून सगळ्याच खाली यायला लागल्या. जसं औषध घातलंच नाही.

पूर्वानं पेशी बदलल्या. औषध नवीन मागवलं. चाळण्या बदलल्या. काही फरक नाही. तिचा डबा तसाच घरी परत जायचा. लॅबचा टेक्निशियन, सगळे त्याला भिया म्हणजे भैया म्हणायचे, माझ्याकडे बघून म्हणायचा, "क्या मावशी, तुमच्या मॅडमची जादू खतम?" मी बाटल्या धुवत राहायची.

मुदतीतले दहा दिवस उरले होते. ती औषध ठेवायच्या बाटल्या न्यायला आली. मी सहज विचारलं, "बाकी सगळे प्लास्टिकमध्ये करतात, तुला काच कशाला लागते?"

"माझं औषध तेलकट आहे मावशी. पाण्यात राहत नाही, प्लास्टिकला जाऊन चिकटतं. कुठे तेलाचा हात लागला असेल तर तिथेच जाऊन बसेल."

ती गेली. मी नळ बंद केला आणि स्टुलावर बसली.

त्या थंडीत नवीन साबण आला होता, तेज. माझे हात फाटले. अंगठ्याची चीर उघडीच राहायची. बाटलीच्या बुचाच्या आत एक पातळ चकती असते. ओव्हननंतर ती अंगठ्यानं दाबून बसवायची. ग्लव्ज घातले की सरकते, म्हणून मी उघड्या हातानंच बसवायची, पहिल्यापासून. आणि त्या थंडीत मी हाताला तिळाचं तेल लावत होती. नॅपकिनला पुसून घ्यायची. पुसलं म्हणजे गेलं, असं मला वाटायचं.

मी त्या दिवशी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ठेकेदाराकडून कामाला लागलेली, त्याचा माणूस याहून लहान गोष्टीवर घरी बसवतो. माझं वय त्रेसष्ट. मला दुसरं काम कोण देणार?

तिसऱ्या दिवशी पूर्वा तिचा पांढरा कोट घेऊन आली. "मावशी, हा धुऊन कोणाला देऊन टाका. मी सरांना सांगून येते, मी सोडते."

मी म्हटलं, "थांब. मी पण येते."

केबिनमध्ये मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"तुम्ही बुचाच्या आतून हात लावता?"

"हो सरजी. अकरा वर्षं."

"लावू नये, माहीत नव्हतं?"

"कोणी सांगितलं नव्हतं."

सर पूर्वाकडे बघायला लागले. ती माझ्या हातांकडे बघत होती.

मग तिनं दोन्ही करून पाहिलं. अर्ध्या बाटल्या फॅक्टरीच्या सीलबंद, अर्ध्या माझ्या. सीलबंद बाटल्यांतल्या औषधानं पेशी गेल्या वर्षीसारख्याच अडवल्या. माझ्या बाटल्यांतल्या औषधानं नाही. औषध चकतीवरच्या तेलात बसून राहत होतं. सरांनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. म्हणाले, "ठीक आहे. लिहायला घे." सॉरी नाही म्हणाले. तिला नाही, मला तर नाहीच.

सही झाली. पण बाहेरगावच्या एका लॅबमध्ये नोकरीची जी जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, ती तोवर दुसऱ्याला गेली. आता ती इथेच राजेंद्र नगरला कोचिंगमध्ये शिकवते. एकदा भेटली. चांगली बोलली, पण लॅबचं नाव काढलं नाही. मी पण नाही काढलं.

मला कामावरून काढलं नाही. काच धुवायचं काम काढून घेतलं. आता मी कॉरिडोर पुसते, जिने पुसते. बाटल्या सीलबंद येतात.

धुणाऱ्या बाईला काच कशासाठी आहे ते सांगून ठेवावं. आणि कोणी सांगत नसेल तर बाईनं विचारावं. मी अकरा वर्षांत एकदाच विचारलं, आणि ते उशिरा.