काकांच्या घरातलं पाणी

घर बघायला जाताना मी खिशात एक बारकी बाटली नेतो. तेजाबात विरघळवलेली चांदी असते तिच्यात. लोक हसतात, हसू देत. आठवीत शाळा सोडून सांगलीकडून तंजावरला गलाईला आलो, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला. खतपत्रातलं मला काही कळत नाही. पण साध्या पाण्यात या बाटलीतले दोन थेंब टाकले तर नुसती धुरकट झाक येते, आणि खारट पाण्यात पांढरं दही होतं, एवढं कळतं.

घरमालकाने पोंगलपर्यंत जागा रिकामी करायला सांगितलेली. नवी भाड्याने बघायला गेलो, तर दोन ठिकाणी धंदा ऐकून दार लावून घेतलं. जणू मी त्यांच्या भिंतींवर तेजाब ओतायलाच आलो होतो. बायको म्हणाली, आता स्वतःचंच बघू. साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं.

ओरत्तनाडु रस्त्यावरचं घर काकांचं. काका इथलेच मराठी, तंजावरच्या मराठा राजांच्या वेळेपासूनचे. सरकारी नोकरीतून निवृत्त. मुलीला शाळेत त्यांनीच घातलं, आजारपणात दवाखान्यात त्यांनीच नेलं. परक्या मुलखात एवढं कोण करतं? त्यांची मुलं चेन्नईत, म्हणून घर विकायचं होतं. दलाल कशाला मध्ये, तू आपलाच, म्हणाले. पाणी कसं आहे, हे मी फोनवर चारदा विचारलं. चारही वेळा गोड.

घर बघायला गेलो तेव्हा काकूंनी तांब्यातून दिलं तेही गोडच. बायको तर वाटण्याचा ग्राइंडर कुठे ठेवायचा ते ठरवत होती. काकांसमोर बाटली काढायची मला लाज वाटली. पण मागे हात धुवायला गेलो तर साबणाला फेसच येईना. तिथल्या वाटीत पाणी धरून दोन थेंब टाकले. दही.

वाटी तशीच काकांपुढे नेली. त्यांनी बघितली न बघितली. म्हणाले, प्यायला कॅन विकत येतात, या भागात सगळे तसंच करतात.

"मग मला गोड का सांगितलं, काका?"

"खारें सांगितलें असतें तर तूं बघावयास आला असतास काय?"

चिडून नव्हे, समजूत घातल्यासारखं बोलले. काकू तांब्या उचलून आत गेल्या. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. बाहेरच्या कुणी फसवलं असतं तर रस्त्यावर उभं राहून चार शिव्या दिल्या असत्या. इथे तोंडातून एवढंच निघालं, की हे घर आम्हाला जमणार नाही. आणि दरवेळेसारखा वाकून पाया पडलो. त्यांनी आशीर्वादही दिला.

 स्कूटरवर बायको मागून म्हणाली, "पाया कशाला पडला?"

 काकांवरचा राग आठवड्यात थोडा उतरला. तिच्या त्या प्रश्नाने माझाच मला आलेला राग मात्र अजून तसाच आहे.