अतिमधुराची काडी

खोकला सुरू झाला तो दिवाळीनंतर, ऑफिसातल्या एका साध्या बैठकीत. मी बोलत होतो आणि वाक्याच्या मध्येच घशात कुसळ अडकल्यासारखं झालं. पाणी प्यायलो, खाकरलो, पुन्हा तोंड उघडलं तर पुन्हा उबळ. कफ नाही, ताप नाही, सर्दी नाही. नुसता कोरडा, खवखवणारा खोकला. हवा गार झाली की अर्धं बंगळूर शिंकत असतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

पण तो जाईना. मग उपाय सुरू झाले आणि माझा गोंधळही. टेबलाशेजारचा सहकारी म्हणाला, वाफ घे. दुसरा म्हणाला, वाफेनं घसा आणखी कोरडा पडतो. बायको हळद घालून दूध देई. साताऱ्याहून आई फोनवर सांगे, दूध अजिबात घेऊ नकोस. कुणी गरम पाण्यात मध सांगावा, तर कुणी मध गरम करणं म्हणजे विष म्हणावं. मी शिकलेला माणूस, सरकारी कारखान्यात यंत्रांची मोजमापं घेण्यात आयुष्य गेलेलं, पण आपल्या घशाला नक्की काय हवंय ते मला कळत नव्हतं. मी सगळंच करत होतो. सकाळी गुळण्या, दुपारी लवंग, संध्याकाळी मध.

माझ्या सासूबाई चामराजपेटेत राहतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी नुसती मान डोलवत असे. घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी फोनवर सांगितलं, "शुंठी ठेचा, चार मिरे घाला, स्वल्प गूळ घाला आणि कषाय उकळून प्या."

कषाय म्हणजे काढा, एवढं मला ठाऊक होतं. मी दुकानातून सुंठीची पूड आणली, चांगली चमचाभर घातली आणि प्यायलो. डोळ्यांतून पाणी आलं आणि खोकला दुप्पट झाला.

रविवारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा हे सांगितलं. अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो जावई, शुंठी म्हणजे ओलं आलं. तुम्ही वाळलेलं प्यालात होय?"

बायको हसत सुटली. अक्का आत गेल्या आणि एका डब्यातून पिवळसर काडी घेऊन आल्या. "हे अतिमधुर. तोंडात धरा, चघळा आणि रस गिळा."

तोंडात धरल्यावर ओळख पटली. हा आपला ज्येष्ठमध. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घसा निवला. मी निघताना त्यांनी मूठभर काड्या पुडीत बांधून दिल्या, आणि त्या दिवसापासून माझ्या गालात कायम एक काडी असे. बैठकीत, बसमध्ये, जेवणानंतर. काडी असेपर्यंत बरं वाटे. संपली की खोकला परत.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्या वडिलांचं शेवटचं आजारपण अशाच कोरड्या खोकल्यानं सुरू झालं होतं. तेही म्हणायचे, काही नाही रे, धुळीनं झालंय. खोकताना मला माझा आवाज त्यांच्यासारखा ऐकू येऊ लागला होता. बायकोनं एकदा भाजी निवडता निवडता सरळ विचारलं, "खोकलात की तुम्हाला बाबा आठवतात ना?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग उद्या फोटो काढून घ्या छातीचा."

फोटो काढला. तो स्वच्छ निघाला. आमच्या वसाहतीजवळचे डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं छान आहेत. बीपी मात्र चढलंय तुमचं, गोळी वाढवू या." बीपीची गोळी त्यांनीच गणपतीच्या सुमारास सुरू केली होती. मी घरी आलो तो सुटल्यासारखा आणि तरीही चक्रावलेला. आत काही नाही, मग मी खोकतोय कशानं? आजार सापडला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

अखेर बायकोनंच एका इस्पितळात दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतली. तरुण बाई होत्या. फोनवरच त्यांनी सांगून ठेवलं होतं की जे जे पोटात जातं ते पिशवीत घालून आणा, स्वयंपाकघरातलंसुद्धा. मी संकोचत पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी केली. त्यांनी सुंठ बाजूला सारली, मध सारला आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी उचलली.

"ही आधी सुरू झाली की खोकला?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"गोळी. खोकला नंतर, दिवाळी झाल्यावर."

"या गोळीनं काही लोकांना असाच कोरडा खोकला येतो." मग त्यांनी काडी उचलली. "आणि हे?"

"ज्येष्ठमध. सासूबाईंनी दिलाय. दिवसभर चघळतो."

"दिवसभर?" त्यांनी काडी उलटसुलट करून पाहिली. "यानं बीपी वाढू शकतं."

मी डोक्यात जुळवाजुळव करू लागलो. गोळीनं खोकला आला, खोकल्यासाठी काडी आली, काडीनं बीपी चढलं आणि बीपी चढलं म्हणून गोळी वाढली. मी विचारलं, "म्हणजे माझं असंच झालं?"

"झालं असेल. खात्रीनं नाही सांगता येणार. गोळी बदलून देते, काडी बंद करा आणि वाट पाहा. खोकला लगेच जाणार नाही."

काही आठवड्यांत उबळ विरळ होत गेली. कधी थांबली ते कळलंही नाही. अक्कांना मात्र लगेच कळलं. फोनवर म्हणाल्या, "बघा, अतिमधुरानंच गेला." मी हो हो म्हटलं. बायकोनं डोळे वटारले, तरी मला पुढे बोलवेना.

संक्रांतीला एळ्ळू-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, घ्यायला गेलो तेव्हा अक्कांच्याच गालात काडी दिसली. त्याही बीपीच्या गोळ्या घेतात. आता गप्प बसून चालणार नव्हतं. मी शेजारी बसून सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे मी तुम्हाला आजारी केलं?"

"नाही अक्का. खोकला गोळीनं आला. काडीनं तर बरं वाटायचं."

"बरं वाटतं ते सोडायचं आणि जिनं खोकला येतो ती गोळी डॉक्टर देणार. मग माणसानं घ्यायचं तरी काय?"

खरं सांगायचं तर तोच प्रश्न मलाही पडला होता. बायको म्हणाली, "आई, एकदा त्याच बाईंना दाखवू या."

अक्का काडी हातात घेऊन बघत राहिल्या. "सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे.

त्यांचं बीपी खूपच जास्त निघालं. पायांवर सूज होती. आम्ही सगळे ती वयाची समजत होतो. डॉक्टरांनी काडी बंद केली, एक गोळी बदलली आणि लोणचंही तोडलं. महिन्याभरात सूज उतरली. नेमकी कशानं ते मला माहीत नाही. अक्का म्हणतात गोळीनं, बायको म्हणते लोणचं सुटल्यामुळे.

आता अक्कांच्या चपला पुन्हा पायात बसतात, देवळापर्यंत एकट्या जाऊन येतात. पण दुपारी जेवण झालं की त्यांना चैन पडत नाही. परवा फोन आला, "तोंडात काय धरू सांगा." मी बडीशेप सांगितली, बायकोनं मागून वेलची सांगितली. त्यांनी दोन्ही करून पाहिलं आणि संध्याकाळी कळवलं की दोन्हीत काही राम नाही.