भावाचा जामीन

माझा धाकटा भाऊ निवडणूक स्वतः कधी लढला नाही, दुसऱ्यांना जिंकवून द्यायचा. सुरुवात दिवेआगरात मतदारांच्या चिठ्ठ्या वाटण्यापासून. कुठले भाऊ बांधावरून धुमसतायत, कुठली सून सासूच्या रागाने उलट मत देईल, सगळं तोंडपाठ. घरं फोडायची नि मतं गोळा करायची, हाच मेल्याचा धंदा. पुढे अलिबागला ऑफिस झालं, पेपरात नावापुढे 'रणनीतीकार' आलं. मला कौतुक होतं, खोटं कशाला बोलू?

चक्रीवादळात माहेरच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा तो मला न्यायला काशीदला माझ्या सासरी आला. "ताई, भरपाईचं काम आहे. ऑफिसात फोटो, अंगठा, सही, बस्स." मला वाचता येतं हो. पण सख्ख्या भावाचा कागद कोण वाचत बसतं? भरपाई आलीच नाही. आला तो नवा सातबारा, त्यावर माझं नाव नव्हतं. माझ्याकडून हक्कसोड लिहून घेतली होती. विचारलं तर हसला, "अगं, माहेर कुठे पळून जातंय?"

गेल्या निवडणुकीत त्याने विरोधी उमेदवाराच्या नावाचं खोटं पत्र गावोगाव फिरवलं. सही बनावट, शिक्का बनावट. पकडला गेला. ज्या नेत्याला निवडून आणलं, तो म्हणाला, "कोण हा? मी ओळखत नाही." कोर्टाने जामीन मंजूर केला, पण जमीनवाला जामीनदार आणा म्हणाले. आरोपीची स्वतःची जमीन चालत नाही, आणि वाडीच्या सातबाऱ्यावर त्याने दुसऱ्या कुणाचं नावच ठेवलं नव्हतं. चेल्यांचे फोन बंद.

मग भावजय आमच्या पडवीत येऊन ढसाढसा रडली. "वन्सं, ते आत कुढून मरतील हो!" माझा नवरा देवमाणूस. "मी राहतो जामीन," म्हणाला, "जमीन काय कुणी उचलून नेत नाही." मीही विरघळले. रक्ताचं नातं, दुसरं काय!

शुक्रवारी आम्ही अलिबागला कोर्टात गेलो. नवऱ्याचा सातबारा माझ्या पिशवीत. भावाला पोलिसांनी व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं. मी खांबाआड होते, त्याला दिसले नाही. तो बायकोला सांगत होता, "बघ, म्हटलं नव्हतं? ताईपुढे आधी रडायचं, कागदाचं नंतर काढायचं. भावोजी तर तिच्या मुठीत."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी पुढे झाले. मला बघताच तोंड गोड केलंन, "ताई! आलीस?"

"आले होते रे. आता चालले. आता कोर्ट सोमवारी उघडेल, तोवर बस आत, आणि आठव, तुझं म्हणावं असं कोण उरलंय ते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगते, बघायला बरं वाटलं. वकील हाका मारत राहिला, नवरा "अगं, ऐक तरी" करत मागे धावला. मी थांबले नाही.

भावजयीने मला फाटकापाशी गाठलं. भर रस्त्यात खाली बसली आणि माझे पाय धरलेन. नाक वाहत होतं, पदर धुळीत लोळत होता त्याचं भान नव्हतं. हे रडणं कुणी शिकवलेलं नव्हतं. ते मला कळलं. मी पाय सोडवून घेतले आणि एस.टी.त जाऊन बसले.