विहीणबाईंशी इंग्रजीत

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. सातव्या महिन्यात लेक येते, बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की जाते. माझी लेक बंगळूरला असते. सहावा सरत आला तरी तिच्या सासूबाईंकडून हो नाही आणि नाहीही नाही. फोनवर विचारलं की लेक म्हणायची, "अम्मा म्हणतात, बघू." ते 'बघू' ऐकून ऐकून माझं डोकं फिरायला लागलं.

जावई जहाजावर इंजिनिअर. वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरी सासू आणि सून, दोघीच. विहीणबाई केरळच्या, त्यांना मल्याळम आणि इंग्रजी येतं. मला मराठी येतं आणि कानडी कानावर पडून पडून कामापुरतं कळतं. लग्नापासून आम्ही दोघी एकमेकींकडं बघून नुसत्या हसत आलो होतो. हसून जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगून झालं होतं.

"तू सांग की त्यांना सरळ," मी लेकीला म्हणाले.

"आई, मी मधे बोलले की तिकडं वाटतं मी माहेरची, इकडं वाटतं मी सासरची. तुम्ही दोघी काय ते ठरवा."

"त्यांच्यात माहेरी जात नाहीत का?"

"जातात की. त्यांच्यातही हीच पद्धत आहे."

मग तर माझा पारा आणखीच चढला. पद्धत आहे, घर आहे, आई धडधाकट आहे, मग अडलंय कुठं? आपणच बोलायचं, तेही इंग्रजीत, असं मी ठरवून टाकलं.

आमचं घर एकत्र. दीर, जाऊबाई, पुतणे, त्यांच्या बायका, आणि आमच्या गावाहून, मंद्रूपहून, शेताच्या निमित्तानं येऊन राहणारी भावकी वेगळीच. थोरल्या जाऊबाईंची मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते, तिला मी गुरू केलं. संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि ती ओट्याला टेकून शिकवायची, असा वर्ग सुरू झाला.

"काकू, आधी सांग, तुला बोलायचंय काय?"

"हेच की, आमच्याकडं सगळं लई हाय. माणसं लई, दूध लई, जागा लई. पोरीला काय कमी पडायचं न्हाई."

"म्हणजे तुला सगळीकडं 'लई'च लागणार," ती म्हणाली.

आणि ते 'लई'च मला घाम फोडायला लागलं. मोजता येतं त्याला 'मेनी' आणि मोजता येत नाही त्याला 'मच', असं तिनं सांगितलं. माणसं मोजता येतात, दूध येत नाही. दूध तर आम्ही रोज मापानं घेतो, मग ते मोजता कसं येत नाही? "लिटर मोजतेस काकू, दूध नाही," ती म्हणाली. हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. शेवटी तिलाच माझी दया आली. म्हणाली, सरळ 'लॉट्स ऑफ' म्हण, नाहीतर 'प्लेंटी ऑफ'. माणसांना चालतं, दुधालाही चालतं. घरगुती बोलण्यातलं आहे, साहेबाला अर्ज लिहिताना वापरू नये, पण विहिणीशी बोलायला उत्तम.

मला ते फार आवडलं. आपल्या 'लई'सारखंच, कुठंही बसतं. पथ्यं दोनच. माणसं असली तर पुढं 'आर' आणि दूध असलं तर 'इज', हे एक. मधला 'ऑफ' गिळायचा नाही, हे दुसरं. आणि मी नेमका तोच गिळायचे. "प्लेंटी मिल्क" म्हटलं की ती विचारायची, "ऑफ कुठं गेला?" "तव्याखाली," मी म्हणायचे.

'अ कपल ऑफ'वरून तर आमचं भांडणच झालं. घराजवळ दोन-चार चांगले दवाखाने आहेत, असं मला सांगायचं होतं. कपल म्हणजे दोन, फार तर तीन, त्याहून जास्त असतील तर 'अ फ्यू' म्हण, असा तिचा हट्ट. आमच्या दोन-चारमध्ये वेळप्रसंगी सातही बसतात, हे तिच्या पुस्तकात नव्हतं. 'अ बंच ऑफ' द्राक्षांना म्हणतात, किल्ल्यांना म्हणतात, आणि गप्पांमध्ये माणसांच्या टोळक्यालाही म्हणतात, हेही तिनं सांगितलं. जाऊबाई खाली बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"मग आमच्या भावकीला बंचच म्हणा की. लोंबत्यातच सदानकदा हितं."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पुढच्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं. नवी इरकल नेसले. पुतणी तेवढी फोनमध्ये दिसणार नाही अशी खाली बसली. व्हिडिओ कॉल लागला, लेकीनं फोन सासूच्या हातात दिला आणि ती शहाणी तिथून निघून गेली.

मी खाकरले आणि सुरू केलं. वी हॅव लॉट्स ऑफ पीपल इन द हाऊस. देअर आर लॉट्स ऑफ रूम्स. देअर इज प्लेंटी ऑफ मिल्क. अ फ्यू गुड हॉस्पिटल्स आर निअर. सगळ्या जणी सगळी मदत करतील, मालिशवाली आहे, धुरी-शेगडी आहे, हेही जमेल तसं घुसवलं. एकही 'ऑफ' गिळला नाही. पुतणीनं खालून अंगठा वर केला, तशी मी आणखीनच फुगले.

विहीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "यस. यू हॅव लॉट्स ऑफ पीपल. हिअर, आय हॅव ओन्ली हर."

पुतणी मराठीत सांगायला पुढं सरकली, मी हातानंच तिला थांबवलं. त्यात न कळण्यासारखं काय होतं? नवरा जाऊन किती वर्षं झालेली, मुलगा पाण्यावर, आणि आता मी सूनही मागत होते. संध्याकाळी ज्या घरात दोनच ताटं वाढली जातात, त्या घरापुढं मी आठवडाभर पाठ करून माझं भरलेलं घर नाचवत होते. त्यांच्या त्या 'बघू'त दुसरं काही नव्हतंच. माझा राग कुठल्या कुठं गेला.

आता यावर बोलायचं वाक्य काही आम्ही तयार केलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं: "यू कम. शी कम, यू कम. बोथ." पुतणीनं कपाळाला हात लावला.

मुलाच्या आईनं सुनेच्या माहेरी येऊन राहायचं, हे त्यांच्याकडंही होत नसावं. त्या गोंधळल्या, मग हसल्या. म्हणाल्या, "फॉर हाऊ मेनी डेज?"

पाहुण्याला कुणी दिवस मोजून सांगतं का?

"लॉट्स ऑफ डेज," मी म्हणाले.

संध्याकाळी यांना सांगितलं तर हे हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून बघायलाच लागले. "अगं, विहीणबाई हाईत त्या. इतके दिस मानपान कोण बघणार?" "मी बघते की," म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, "येऊ द्या. एका माणसानं आपल्यात काय फरक पडतोय?"

आल्या त्या दोघी. पहिले काही दिवस विहीणबाई दिवाणाच्या कडेला हात जुळवून बसायच्या, आमचा गोंगाट बघत. आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही, त्यामुळं सारखी भांडणंच चाललीत असं त्यांना वाटे. मग एक दिवस त्या स्वयंपाकघरात येऊन नारळ खोवायला बसल्या आणि तिथून ते काम त्यांचंच झालं. भाकरी ताकात कुस्करून खायच्या. शेंगाच्या चटणीनं डोळ्यांत पाणी यायचं, तरी वाटी पुढं करून "अ लिटल मोर" म्हणायच्या. दुपारी आम्ही दोघी गॅलरीत बसायचो. माझं इंग्रजी पुन्हा घसरलं, त्याला आता कुणी अडवायचं नाही. त्यांनी 'लई' उचललं. "लई हॉट," म्हणत पदरानं वारा घ्यायच्या. मला त्यांचा लळा लागला, हे सरळ सांगून टाकते.

कळा सुरू झाल्या तशी लेकीला सकाळी दवाखान्यात नेलं. घटकाभरात आमचं झाडून सगळं घर तिथं हजर झालं, मंद्रूपची भावकीसुद्धा. बाहेरच्या वऱ्हांड्यात पाय ठेवायला जागा नाही. दुपारी आतून नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. "मुलगी झाली. कोण घेतंय?"

सगळी मंडळी एकदम पुढं सरली. सगळ्यांत पुढं हात माझेच. बाळ हातात आलं आणि मला रडूच फुटलं. तेवढ्यात माझं मागं लक्ष गेलं. विहीणबाई पार भिंतीपाशी होत्या. पिशवी छातीशी धरून, टाचा उंचावून, आमच्या खांद्यांवरून बघायचा प्रयत्न करत होत्या. कुणी त्यांना मागं लोटलं नव्हतं. आम्हीच इतके होतो की त्यांना पुढं यायला वाट उरली नव्हती.

"सरका की सगळी!" मी ओरडले. "वाट द्या त्यांना!"

नर्सनं मला दटावलं, पण गर्दी फाकली. मी चालत गेले आणि बाळ विहीणबाईंच्या हातांत दिलं. त्या बाळाच्या कानाशी वाकून हळू आवाजात मल्याळममध्ये काहीतरी सांगायला लागल्या, आणि सांगतच राहिल्या. मला त्यातला एक शब्दही कळला नाही.

पुतणी म्हणाली, "काकू, अगं तू नीट बघितलंसुद्धा नाहीस अजून."

"त्यांचं होऊ दे आधी," मी म्हणाले आणि माझा नंबर यायची वाट बघत बाकावर बसले.