डोक्यावरचं दप्तर

“काहून रे, कोतवालाचा पोरगा ना तू? बी.ए. झाला म्हंतात.”

मी हो म्हणालो. हातातला अर्ज पुढे केला. तालुका कचेरीतल्या नकला देणाऱ्या बाबूनं तो वाचला नाही. दारातल्या बंडीकडे बोट केलं. गावोगावची दप्तरं तपासणीला आली होती.

“आलाच हायेस त हे गठ्ठे आत ने. तुया बापानं जिंदगीभर वाह्यले. तुले का जड जातीन?”

बाकावरची माणसं हसली. त्या हसण्यातच मी वाकलो. अंगात अमरावतीला शिवलेला सदरा होता. वाटलं, काम केलं तर नक्कल मिळेल.

अर्ज साधा होता. नाल्याकाठची आमच्या मोहल्ल्याची मसणवटी पाटलानं नांगरून कपाशीत घेतली होती. गावच्या दप्तरातल्या जुन्या नकाशात ती जागा मसणवटी म्हणूनच होती. मोजणीच्या वेळी साखळी बापानंच धरली होती. नकाशाची नक्कल मिळाली तरच दावा उभा राहणार होता. ज्या मोहल्ल्यानं वर्गणी करून मला शिकवलं, त्यानं मला सांगितलेलं हे पहिलं काम. माझी माय तिथेच पुरलेली. खाटेवर पडलेला बाप एकच म्हणायचा, “मले तिच्या बाजूले ठेव.”

शेवटच्या गठ्ठ्याच्या फडक्यावर शाईनं गावाचं नाव लिहिलेलं होतं. आमचंच गाव. मी तो फळीवर ठेवून बाहेर आलो.

“बाबूजी, नक्कल?”

“त्या गावचं दप्तर आलंच नाही. मंग ये.”

“आत्ता मीच ठेवलं, जी. खिडकीजवळच्या फळीवर.”

“तू वाह्यलं म्हणून तुयं झालं का? वाहणारे वेगळे, पाहणारे वेगळे.”

पुन्हा हसणं.

घरी बापाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “उचललं तू?” आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा कळलं, मी काय केलं ते. धम्म घेतला त्या वर्षी त्यानं कोतवालकी सोडली होती. पटवाऱ्याच्या घोड्यामागं दप्तर घेऊन चालणं कायमचं बंद केलं होतं. त्यानं उतरवलेलं ओझं मी पदवी घेऊन पुन्हा डोक्यावर चढवलं.

मी अकोल्याला, वरच्या कचेरीत अर्ज दिला. तो चौकशीसाठी त्याच बाबूकडे आला. त्यानं लिहिलं, दप्तर उपलब्ध नाही. बाप गेला. पाटलाच्या सालदारांनी तिरडी कपाशीच्या बांधावर, धुऱ्यावरच अडवली. शेजारच्या गावातल्या आमच्या लोकांनी जागा दिली. तिथे तो एकटा आहे.

नंतर पुन्हा कचेरीत गेलो. बंडी उभी होती.

“बाप गेला म्हणे तुया. बरं, तेवढे गठ्ठे घे आत.”

“उचलत नाही.”

“मंग नक्कल विसर.”

“नक्कल तुमी देणारच नव्हते. आता गठ्ठाही उचलला जाणार नाही.”

या वेळी कोणी हसलं नाही. पण अर्ज घेऊन उभा असलेला आमच्यातलाच एक म्हातारा पुढे आला आणि मुकाट्यानं वाकला. मी त्याचा दंड धरला. त्यानं माझा हात झटकला. “मले नक्कल पाह्यजे, बापू,” म्हणाला. त्यालाही मिळाली नाही.

मायच्या अंगावर आजही कपाशी फुटते. नक्कल मिळेल असं मला वाटत नाही. तरी अर्ज देतो, आणि पोच घेतल्याशिवाय दारातून हलत नाही. बंडी उभी असली तर तिच्याजवळ जाऊन उभा राहतो. पुढे येईल त्याला तोंडावर सांगतो, जे आपल्याला वाचू देत नाहीत, ते वाहायचं नाही.